चौथा कोपरा

अनोळखी माणसाची कॉलर पकडायची तिला काही सवय नव्हती. पण त्या दुपारी जुन्या कपड्यांच्या दुकानाच्या पायरीवर तिनं ती पकडली, वर उलटवून आतली शिवणही पाहिली.

"हा शर्ट कुठून घेतलात?"

"इथूनच, आत्ताच," तो गांगरून म्हणाला. "आवडला म्हणून घालूनच निघालो. का हो... चोरीचा आहे का?"

"कापड माझं आहे. म्हणजे — माझं व्हायला हवं होतं!"

गोष्ट साधी होती. ती जुन्या कापडांच्या गोधड्या शिवायची. थोरल्या बहिणीला दिवस गेले होते, आणि होणाऱ्या बाळाची गोधडी चालली होती. चारही कोपऱ्यांना एकच कापड हवं, हा तिचा हट्ट. निळ्यावर पिवळ्या चिमण्यांचं एक कापड तिला जुन्या पडद्यातून मिळालं होतं, पण पुरलं तीनच कोपऱ्यांना. चौथ्यासाठी तिनं सगळी दुकानं पालथी घातली. कुणीतरी त्याच ताग्यातून शर्ट शिवला असेल आणि तो एका चष्मेवाल्याच्या अंगावर चढेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"फाटला की तुम्हालाच देईन," तो म्हणाला. "शब्द."

"आणि फाटणार कधी?"

"चष्म्याचं दुकान आहे माझं, दिवसभर काउंटरवर कोपरं टेकून बसतो मी. फार वाट पाहावी लागणार नाही."

दुकानवाल्या मावशींनी मान बाहेर काढली. "अगं बाई, कापड बघितलंस ते बघितलंस... माणूस बघितलास का?"

तेव्हा नव्हता बघितला, हे खरं.

मग दर शनिवारी तो तिच्या शिवणाच्या खोलीवर यायचा आणि हात पुढे करायचा. ती कोपर चिमटीत धरून उजेडात बघायची.

"ठणठणीत आहे," ती म्हणायची. आधी वैतागून. पुढे पुढे त्यात वैताग राहिला नाही, तो कधी गेला ते तिलाही कळलं नाही. सुई ओवताना ती नाकापर्यंत नेते, हे त्यानं तिसऱ्याच शनिवारी हेरलं आणि चौथ्या शनिवारी तिच्या नाकावर चष्मा चढवला.

"आता दिसतं?"

दोरा दिसला. त्यामागे त्याच्या पापण्याही दिसल्या.

"दिसतं," म्हणत ती घाईघाईनं गोधडीवर वाकली.

बहिणीला नववा लागला. "बाळ येईल हो आता, आणि कोपरा अजून मोकळाच," ती एका शनिवारी त्याच्याजवळ सहज बोलून गेली. पुढच्याच गुरुवारी तो हजर. हातात घडी घातलेला शर्ट.

"फाटला. घ्या."

तिनं चष्मा लावला. झिजलेलं कापड आधी विरतं, मग दोरे लोंबतात. इथे कोपरावरचा काठ कसा, पट्टीनं आखल्यासारखा सरळ.

"हा कात्रीनं कापलाय."

"छे हो..."

"चष्मा तुम्हीच दिलात. आता भोगा!"

त्यानं कान खाजवला. "तुमचा जीव त्या कोपऱ्यात अडकलेला. बाळ काय माझ्या शर्टासाठी थांबणार आहे? बघवेना मला."

खरं तर तिनं आनंदानं उडीच मारायला हवी होती. पण हवं ते कापड मांडीवर पडलं होतं आणि तिला रडू येत होतं.

"मग शनिवारी?" ती म्हणाली. "आता कशाला याल तुम्ही इकडे?"

"तेच ना," तो हळूच म्हणाला. "कापताना हात दोनदा थांबला."

तिनं कात्री बाजूला सारली, सुई घेतली आणि निळा दोरा ओवला. एकेक दोरा जुळवत ती काप सांधत गेली. तो आधी उभा होता, मग बसला. अर्ध्या तासानं तिनं शर्ट त्याच्या हातात दिला.

"अहो, पण तुमचा चौथा कोपरा?"

"माझ्या जुन्या फ्रॉकचा लावते. बाळाला कुठे कोपरे मोजता येतात?"

"म्हणजे... फाटेपर्यंत मी येत राहायचं?"

"शब्द तुमचाच आहे."

त्यानं शर्ट अंगात घातला, हात दुमडून पाहिला, सरळ करून पाहिला. "किती टिकेल हो हे?"

तिनं सुई रिळात खोचली. "मी सांधलेलं आजवर उसवलेलं नाही."

"मग तर मला जन्मभर दर शनिवारी यावं लागेल!"

तिनं चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं. या वेळी खाली वाकली नाही.

"शनिवारीच का?" ती म्हणाली.