मिठाच्या मैदानात चौदा व्होल्ट

मिठाच्या मैदानापलीकडच्या वेधशाळेत थोरली बहीण एकटीच होती आणि तिचं इन्सुलिन उष्णतेनं नासलं होतं. संध्याकाळपर्यंत डोस मिळालाच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. ताज्या कुप्या घेऊन धाकटी निघाली. ती गाड्यांची वायरिंग करायची, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. जीप भावोजी चालवत होते. मागं बॅटरीवर चालणारी थंडपेटी गुणगुणत होती. ती बंद पडली तर त्या भट्टीत कुप्यांचा निभाव लागणार नव्हता.

मैदान इतकं पांढरं, की आभाळ कुठून सुरू होतं तेच कळेना. निळी तळी समोर येत आणि जवळ जाताच विरून जात. ठिणगीला वाटलं, आपण जागेवरच आहोत, जगच अलगद मागं सरकतंय.

आणि जळका, आंबूस वास आला. चौदा व्होल्टवर असायला हवा तो व्होल्टमीटरचा काटा सतरावर!

"थांबा भावोजी! बॅटरी उकळतेय. पेटी जळेल!"

तिनं बॉनेट उघडलं. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर करपला होता. त्याची अर्थिंगची तार ताज्या निळ्या रंगावरच आवळलेली होती.

"इथं रंग कुणी फासला?"

"मीच. तुझ्या ताईला निळा आवडतो. म्हटलं, गाडी आतूनही छान दिसू दे."

"धन्य आहे तुमची! रंगातून वीज जाते होय? रेग्युलेटरला व्होल्टेज कमीच वाटत राहिलं. बिचारा रेटत राहिला आणि गेला!"

भावोजींचं तोंड एवढंएवढंसं झालं. चार्जिंग तोडलं तर बॅटरी संपणार, ठेवलं तर पेटी जळणार. इकडे आड, तिकडे विहीर! ठिणगीनं वीज बनवणाऱ्या डायनामोची एक तार सोडवून आत घेतली. बॅटरीच्या तारेला टेकवली की काटा चढायचा, उचलली की उतरायचा.

"मीच रेग्युलेटर. तुम्ही फक्त इंजिन एका सुरात ठेवा."

टेकव. उचल. टेकव. उचल. काटा चौदाच्या आसपास डोलू लागला. ऊन, मीठ, गुणगुण सगळं एकमेकांत मिसळलं. ताई कुठूनतरी हाक मारतेय असा भास झाला, तरी बोटं थांबली नाहीत.

खाडकन मिठाचा थर फुटला! चाक रुतलं. भावोजींनी घाबरून जोरात रेस दिली. काटा उसळला! उचल! तारेतून ठिणगी उडाली, बोट भाजलं. जीप हिसका देऊन वर आली. काटा घसरला. टेकव!

सूर्य कलताना वेधशाळा दिसली. आधी तीही मृगजळच वाटली. दारापाशी ताई भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे पडलेले. पेटीतल्या कुप्या गारच होत्या. भावोजींनी इन्सुलिनची सुई टोचली.

बऱ्याच वेळानं ताईनं डोळे नीट उघडले. तिनं ठिणगीचा हात हातात घेतला. बोटांवर टरारून फोड आले होते.

"फार दुखतंय का गं?"

"आत्ता दुखायला लागलं," ठिणगी म्हणाली, आणि ताईच्या कुशीत हमसून हमसून रडली.