खाली कोण उभं आहे

वहिनी, दिवा जरा अलीकडे सरकवा, म्हणजे तुमचा चेहरा तरी दिसेल. लाईट येईपर्यंत सांगते. मघाशी तुम्ही हसत विचारलंत ना, की ही बाई कामाच्या मधेच घरी फोन करून "सगळे कुठे आहात" असं का विचारते? दादा म्हणतो, हिला घरच्यांवर पाळत ठेवायची खोड आहे. म्हणू दे त्याला. त्याला मी हे कधी सांगितलं नाही.

गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमात स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे काळे स्पीकर लोंबत असतात, ते तुम्ही पाहिलेत. ते टांगायचं काम माझं. एकेक खोका दोन माणसांच्या कमरेची परीक्षा बघणारा. वरच्या लोखंडी तुळईला विजेवर चालणाऱ्या दोन साखळी-मोटरी लावायच्या, त्यांच्या साखळ्यांना एक चौकट, आणि चौकटीला एकाखाली एक खोके जोडत जायचं. प्रत्येक जोडाला पोलादी पिना. पिन बसलेली दिसली म्हणून पुढे जायचं नाही, बोटाने ओढून बघायची. घड मापाच्या उंचीवर पोचला की वर बसलेला माणूस एक जाड पोलादी दोर वेगळा बांधतो, उद्या मोटरीने दगा दिला तर भार दोराने धरावा म्हणून. पण चढवताना तो दोर नसतो. तेवढा वेळ सगळं साखळ्यांच्या भरवशावर. म्हणून चढवताना घडाखाली कोणी उभं राहायचं नाही. मी स्वतःसुद्धा नाही.

त्या दिवशी लेकीला ताप होता. सकाळी निघताना तिच्या कपाळावर हात ठेवला तर तव्यासारखं गरम. तिच्या बाबांनी रजा घेतली होती. म्हणाले, "तू जा, मी आहे ना." मी गेले.

हॉल म्हणजे एकेकाळचं गोदाम. उंच छप्पर, सिमेंटची जमीन. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, पण लाईटवाल्यांनी त्यांच्या चाचणीसाठी वरच्या सगळ्या खिडक्या काळ्या कापडाने झाकलेल्या. आमच्यासाठी दोन खांबांवर दोन दिवे ठेवले होते. त्यांच्या उजेडात आम्ही, आणि बाकीचा हॉल अंधारात बुडालेला. नव्या कापडाचा उग्र वास, खाली बसलेली जुनी धूळ, आणि आपण बोललो की पलीकडच्या भिंतीवरून जरा उशिराने परत येणारा आपलाच आवाज.

मोटरींचं बटण हवालदारांच्या हातात. पोलिसात ते कधीच नव्हते. भरघोस मिशा आणि गळ्यात शिट्टी, म्हणून ते नाव. वर तुळईवर पट्ट्याने स्वतःला बांधून बसलेला लांबू. आणि खाली येरझाऱ्या घालणारा कार्यक्रमाचा मॅनेजर, सतत घड्याळाकडे बघणारा. बाकीची माणसं बाहेर गाडी उतरवत होती.

डावा घड विनासायास चढला. उजवा आम्ही जमिनीपासून गुडघाभर उंचीवर जोडून पूर्ण केला. मी खालपासून वरपर्यंत शिडीने चढून प्रत्येक पिन ओढून पाहिली, हूक पाहिले, साखळीला पीळ नाही ना ते पाहिलं. भोवती पट्टी बांधून जागा बंद केली. मग नेहमीचा प्रश्न विचारला, "खाली कोण?"

"मोकळं," हवालदार म्हणाले.

"मोकळं," वरून लांबूचा आवाज वॉकीटॉकीवर आला.

मोटरी घरघरू लागल्या. साखळी कडीकडीने वर सरकत होती. घड डोक्याच्या वर गेला आणि मोटरी थांबल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

हवालदार पुढे वाकून बघत होते. "कोण आहे ती बाई? तिला बाजूला घ्या."

मी पाहिलं. पट्टीच्या आत रिकामी जमीन होती. "कुठली बाई?"

त्यांनी डोळे चोळले. "आत्ता होती… शाल घेतलेली म्हातारी. गेली वाटतं."

मॅनेजर म्हणाला, "हॉलचं दार बंद आहे. म्हातारी येणार कुठून? चला, चला."

मी दिवा उचलून सगळीकडे फिरवला. कोणी नव्हतं. पुन्हा विचारलं, पुन्हा दोघांनी मोकळं म्हटलं. मोटरी सुरू झाल्या. थोडा घड वर गेला असेल नसेल, वॉकीटॉकी खरखरला.

"ताई… थांबवा." लांबू एरवी तारस्वरात बोलणारा माणूस. त्या वेळी कुजबुजत होता. "खाली माणूस बसलाय. बरोबर मधोमध. उकिडवा."

"कसा आहे?"

वरून त्याच्या पट्ट्याची कडी वाजली. मग म्हणाला, "पाठमोरा आहे. काही नाही ताई, मला भास झाला असेल. आता दिसत नाही."

मॅनेजर वैतागला. तुमच्या माणसांनी काय खाल्लंय, असं काहीतरी बोलला. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगते. मलाही तेच वाटत होतं. दुपारचं जेवण, अंधार, दिव्यांची तिरीप, दमलेले डोळे. मी म्हटलं, "घ्या वर."

घड चांगला उंच गेला. आणि मला वास आला. लेकीच्या अंगाला ताप असताना येतो तो. कोमट, आंबटसर, औषधाच्या गोडीत मिसळलेला. आईला तो लाखात कळतो.

मी खाली पाहिलं.

ती पट्टीच्या आत उभी होती. पिवळा झोपायचा फ्रॉक, पाय अनवाणी, केस एका बाजूला चपटे झालेले. माझ्याकडे पाठ, आणि मान वर करून ती घडाकडे बघत होती.

मी "थांबा" म्हणाले की नुसता हात वर केला, आठवत नाही. मोटरी थांबल्या. मी धावले. इतकी वर्षं लोकांना ओरडून शिकवलेला नियम, तो माझ्या डोक्यातून पार पुसला गेला. पट्टी ओलांडणार तेवढ्यात हवालदारांनी मागून माझा दंड पकडला. बोटं रुतली मला त्यांची.

"ताई, आत जायचं नाही."

"माझी मुलगी आहे ती…"

"आत जायचं नाही," ते पुन्हा म्हणाले, अगदी हळू. त्यांचे डोळेही तिथेच लागलेले. पण मुलीला बघताना नजर जेवढी खाली जाईल, तेवढी त्यांची गेली नव्हती. ते कुणातरी मोठ्या माणसाकडे बघत होते.

वहिनी, त्या क्षणी मला काहीच करता येईना. भार वर न्यावा तर ती खाली. भार खाली घ्यावा तरी ती खाली. मी हाक मारली, "बाळा… इकडे ये. आईकडे ये." पलीकडच्या भिंतीवरून माझीच हाक परत आली. तिने मान वळवली नाही. वर बघत राहिली. मग, खेळून कंटाळलेलं मूल निघतं तशी, सावकाश चालत काळ्या पडद्याच्या दिशेने गेली. पडदा हलला नाही.

हवालदारांनी श्वास सोडला. "गेली," ते म्हणाले.

"खाली घ्या," मी म्हटलं. "सगळं खाली. आज उजवी बाजू चढणार नाही."

मॅनेजर काही बोलायला आला, माझं तोंड बघून मागे सरला. घड उतरू लागला. मी एकेक कडी मोजावी तसं बघत होते. सगळ्यात खालचा खोका पुन्हा गुडघ्याएवढ्या उंचीवर आला, आणि मागची मोटर अचानक सुसाट सुटली. साखळी सर्रकन धावली. चौकट एका अंगाला कलंडली, पुढच्या साखळीला हिसका बसला, आणि तो सगळा मनोरा जमिनीवर आपटून आडवा झाला. आवाज असा, की पायाखालची जमीन उडाली असं वाटलं. धूळ उठली. दिवे हलले. मग शांत.

"लांबू?" मी वॉकीटॉकीत विचारलं.

"आहे ताई." त्याचा आवाज रडका होता. "तुळई धडधडली, पण मी आहे."

मोटरीच्या पोटातला ब्रेक गेला होता. बाहेरून कितीही तपासा, दिसला नसता. हीच मोटर पूर्ण उंचीवर सुटली असती, तर पोलादी दोर बांधायला लांबू चौकटीवर वाकलेला असता.

मी घरी फोन लावला. वाजतोय, वाजतोय… कोणी उचलेना. एवढा वेळ आयुष्यात कधी लांबला नाही. शेवटी तिचे बाबा कुजबुजले, "अगं हळू, झोपलीय ती."

"उठव तिला. मला तिचा आवाज ऐकव."

"वेडी आहेस का? आत्ताच घाम येऊन ताप उतरलाय."

"उठव."

कुरकुर ऐकू आली, आणि मग तो चिडका, झोपाळलेला आवाज. "आई, काय गं… मी झोपले होते ना."

मी तिथेच एका उलट्या खोक्यावर बसले आणि रडले. रडता रडता हसले. माझ्या शेजारी हवालदार त्यांच्या आईशी बोलत होते, त्यांची म्हातारी दुपारच्या झोपेतून उठवल्याबद्दल त्यांना शिव्या घालत होती, आणि मिशांतून पाणी गळत असताना तो माणूस "घाल, अजून घाल" म्हणत होता. लांबू खाली उतरल्या उतरल्या थोरल्या भावाला फोन लावून बसला. तो रात्रपाळी करून घरी झोपलेला. सगळे सुखरूप. सगळे आपापल्या घरी, आपापल्या अंथरुणात. कोण कुणाला दिसलं ते आम्ही तेव्हाच एकमेकांना सांगितलं, आणि परत कधी त्यावर बोललो नाही.

मॅनेजरने सगळ्यांना स्वतःच्या हाताने पाणी दिलं. त्याला काहीच दिसलं नव्हतं. डावा घडही आम्ही उतरवला. दुसऱ्या दिवशी सगळे चांगले खोके जमिनीवरच रचले, खाली रुंद, वर अरुंद, पट्ट्यांनी आवळून, कुणी धक्का दिला तरी हलणार नाहीत असे. मागच्या लोकांना थोडं कमी ऐकू आलं असेल. आलं तर आलं. लेक बरी होती, सकाळी दोनदा खायला मागून तिने बाबांना भंडावलं होतं. मी हलकी झाले होते, वहिनी. इतकी हलकी, की कार्यक्रम सुरू झाल्यावर मी उगाच गर्दीच्या कडेने फिरत होते, गाणं ऐकत.

हॉल खच्चून भरला होता. माणसाला माणूस चिकटलेला. पण जिथे उजवा घड टांगणार होतो, त्याच्या बरोबर खाली जमिनीचा एक गोल मोकळा होता. पट्टी आम्ही कालच काढलेली. तरी चारी बाजूंनी लोक त्या गोलाच्या काठाशी थांबलेले. मागून रेटा येत होता, पण पाऊल कोणी आत टाकत नव्हतं.

काठावरच्या एका बाईला मी म्हटलं, "पुढे सरका ना. एवढी जागा आहे."

तिने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. "जागा कुठाय?" ती म्हणाली. "किती माणसं उभी आहेत पुढे."

मी टाचा उंचावून बराच वेळ बघितलं. मला तिथे कोणी दिसलं नाही. माझं कोणी दिसलं नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं आणि घरी आले.