खालच्या बाजाराचा भोंगा

फोन आला तेव्हा फौजदारबाई कपाटाची किल्ली शोधत होत्या. गेल्या महिन्यात दोन पोलीस चौक्यांची मिळून एक चौकी झाली होती. कपाटं दोन आली, फायलींचे ढीग दोन आले, माणसं मात्र एका चौकीपुरतीच उरली. एकत्र आल्यावर काम सोपं होईल असं ज्या साहेबांनी सांगितलं होतं, ते बदली होऊन सुखात होते.

"खालच्या बाजाराचा भोंगा चोरीला गेलाय," फोनवरचा माणूस म्हणाला. "आणि चारला सभा आहे. लवकर या, इथे लोक हातघाईवर आलेत."

"भोंगा चोरून कोणाला काय मिळणार?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला त्रास दिला असता का?"

बोलत होते ते शेठ. वरच्या बाजारातले कापडाचे व्यापारी आणि तिथल्या व्यापारी संघटनेचे अध्यक्ष. खालच्या बाजाराची संघटना वेगळी. मध्ये फक्त एक हमरस्ता, पण दोन पिढ्या कोणी तो ओलांडून चहाला गेलं नव्हतं. आता मोठ्या दुकानांपुढे दोघांचाही टिकाव लागेना, तेव्हा कुठे शहाणपण सुचलं होतं. आज मतदान होऊन दोन्ही संघटनांचा एक विभागीय व्यापारी संघ होणार होता. त्यासाठी दोन वर्षं बैठका झाल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या बैठका, खुर्च्या कोणाच्या वापरायच्या यावर खर्ची पडल्या होत्या.

स्कूटर सुरू व्हायला तयार नव्हती. बाईंनाही निघावंसं वाटत नव्हतं. शेवटी दोघी कशाबशा निघाल्या.

खालच्या संघटनेचं कार्यालय म्हणजे वर सभागृह, खाली दोन खोल्या आणि जिन्यालगत मावशींची खोली. मावशी तिथेच राहायच्या. झाडलोट करायच्या, किल्ल्या सांभाळायच्या आणि रोज दुपारी गच्चीवर जाऊन भोंग्याचा दांडा फिरवायच्या. हाताने फिरवायचा जुना भोंगा तो. तो वाजला की खालचा बाजार जेवायला उठायचा.

आज मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांची पत्र्याची पेटी दारात उघडी पडली होती. कपडे, शाल, औषधांच्या पट्ट्या, नवऱ्याचा फोटो, सगळं जमिनीवर पसरलं होतं.

"ही पेटी कोणी उघडली?" बाईंनी विचारलं.

"आम्ही," घड्याळवाला म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि खालच्या संघटनेचा सचिव होता. "गच्चीची किल्ली यांच्याकडे असते. संशय घ्यायला नको?"

"भोंगा केवढा होता?"

त्याने दोन्ही हात पसरले. मोठ्या बादलीएवढं काहीतरी दाखवलं. बाईंनी पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दांडा तरी मावला असता," तो पुटपुटला.

शेठ पुढे आले. "आमचं म्हणणं सरळ आहे. किल्ली ज्यांच्याकडे, जबाबदारी त्यांची. भोंगा सापडला नाही तर नव्या संघात मावशींना ठेवता येणार नाही. खोली सोडावी लागेल."

"कधी?"

"आजच. मतदानाआधी."

"मावशी, कुठे जाणार तुम्ही?"

"ते ठरवायला आधी इथून उठता आलं पाहिजे," मावशी म्हणाल्या. "गुडघे धरलेत."

खिडकीपाशी खालच्या संघटनेचे अध्यक्ष उभे होते. त्यांचं गॅरेज होतं आणि सगळे त्यांना अण्णा म्हणत. नव्या संघाचे पहिले अध्यक्ष तेच होणार, हे दोन्ही बाजारांनी भांडणाशिवाय मान्य केलं होतं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. सगळ्यांच्याच आलं होतं.

"तक्रार राहू द्या," अण्णा म्हणाले. "जुनं लोखंड होतं. गेलं तर गेलं."

"असं कसं गेलं तर गेलं?" शेठ म्हणाले. "करारात कलम आहे. भोंगा हमरस्त्यावरच्या नव्या कार्यालयात जाणार, काचेच्या कपाटात. परवा आमचा सुतार मापंसुद्धा घेऊन आला."

"म्हणूनच तुम्ही पळवला," घड्याळवाला म्हणाला.

"जे आमच्या दारात येणारच होतं, ते आम्ही चोरू? सभा मोडायला तुम्हीच लपवलात."

बाईंनी हात वर केला. त्यांना हे सगळं चौकीत रोज ऐकायला मिळत होतं, फक्त तिथे विषय कपाटांचा असायचा.

"मावशी, शेवटचा भोंगा कधी वाजवला?"

"काल दुपारी. नंतर दवाखान्यात गेले, गुडघ्यांसाठी. किल्ली खोलीत खिळ्याला होती."

"ती तिथे असते हे कोणाकोणाला माहीत?"

"कोणाला नाही माहीत ते विचारा. सुतार परवा स्वतःच काढून घेऊन गेला. घड्याळवाले रोज भोंग्याशी घड्याळ जुळवायला गच्चीवर येतात. अण्णांचं तर कार्यालयच आहे."

"आणि खोलीला कुलूप?"

"कुलूप आहे," मावशी म्हणाल्या. "लावायची वेळ कधी आली नव्हती."

बाई गच्चीवर गेल्या. सिमेंटच्या चौथऱ्यातून चार बोल्ट वर आले होते. भोंगा याच बोल्टांवर बसवलेला असायचा. आता तिथे काही नव्हतं. नट मात्र होते. प्रत्येक बोल्टवर आधी वायसरची चकती, त्यावर नट, असे चारही परत लावलेले. बाईंनी एक नट बोटाने फिरवला. तो सहज फिरला. बुडाशी तेलाचा ओला डाग होता.

त्या कठड्यावर टेकल्या. पाना घेऊन आलेला, तेल सोडून गंज मऊ होईपर्यंत थांबलेला चोर. एवढं जड धूड उचलायचं, कोणी बघायच्या आत जिना उतरायचा, आणि तरी नट जागच्या जागी लावत बसायचे? ते कोणाला हवे होते? बाईंनी चौथा नटही फिरवून पाहिला आणि खाली आल्या.

सुतार वरच्या बाजारात एका दाराची बिजागरी काढत होता. स्क्रू त्याच्या ओठांत धरलेले होते, त्यामुळे तो अर्ध्या तोंडाने बोलत होता.

"माप घेतलं, किल्ली खिळ्याला अडकवली, आलो."

"भोंगा उतरवायचं काम तुलाच दिलं होतं?"

"ते लोखंडाचं काम, बाई. माझा संबंध लाकडाशी. कपाट करायचं, पैसे मिळतील तेव्हा घ्यायचे."

एवढ्यात जेवणाची वेळ होऊन गेली. खालच्या बाजारात दुकानदार दारात येऊन उभे होते. मनगटावर घड्याळं होती, खिशात फोन होते, तरी जेवायला कोणी उठत नव्हतं. जो तो शेजाऱ्याला विचारत होता, भोंगा झाला का. भिंतभर घड्याळं लावून बसलेला घड्याळवालाही मान बाहेर काढून कानोसा घेत होता.

"तुमचा या एकत्र येण्याला विरोध आहे म्हणे," बाई त्याच्या दुकानात शिरत म्हणाल्या.

"होता, आहे, राहील." त्याने समोरचं घड्याळ उघडलं. निघालेला प्रत्येक स्क्रू तो एका डबीच्या झाकणात ओळीने मांडत होता. "विरोध करायला मला तोंड आहे. भोंगा कशाला पळवू?"

"सभा मोडावी म्हणून."

"सभा मोडणार नाही, बाई. सगळे थकलेत. थकलेली माणसं कशालाही हो म्हणतात."

बाईंना ते पटलं, पण तसं म्हणता येत नव्हतं.

गॅरेजकडे जाताना स्कूटर बंद पडली. ती ढकलतच त्या आत गेल्या. अण्णा एका मोटारीच्या उघड्या तोंडात वाकले होते. आतला पंप काढून बाकावर ठेवला होता. पंपाची जागा रिकामी, आणि तिच्या कडेने सगळे बोल्ट आपापल्या भोकांत हाताने परत बसवलेले.

"काल दुपारनंतर कुठे होतात?"

"इथे. मग कार्यालयात. सभेची तयारी."

"गच्चीवर गेला होतात?"

"गच्चीवर कशाला जाऊ?" अण्णांनी फडक्याला हात पुसले. ते पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

गॅरेजच्या मागेच त्यांचं घर होतं. तिथून त्यांची बायको आली. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय तसाच.

"भोंगा झाला का हो?"

"होईल आता. चल, आपण आधी जेवून घेऊ."

"भोंग्याच्या आधी कसं?" तिने बाईंकडे पाहिलं. "हे भोंगा झाल्यावर येतात. मला शोधायला जायला नको ना?"

"मी इथेच आहे," अण्णा म्हणाले आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेले.

ते परत येईपर्यंत बाई त्या मोटारीपाशी उभ्या राहिल्या. काय ते त्यांना कळलं होतं. कळल्याचा आनंद मात्र अजिबात झाला नव्हता.

चार वाजता सभागृह भरलं. डावीकडे वरचा बाजार, उजवीकडे खालचा, मधल्या वाटेत कोणी नाही. शेठ उठून म्हणाले, "आधी मावशींकडच्या किल्ल्या घ्या, मग मतदान."

मावशींनी कमरेचा जुडगा काढला.

"थांबा," दाराशी उभ्या असलेल्या फौजदारबाई म्हणाल्या. "भोंगा नेणाऱ्याने नट नेले नाहीत. फेकलेही नाहीत. वायसरसकट परत बोल्टांवर लावून ठेवले. चोराला याची काही गरज नव्हती. हे त्याच्या हातांनी आपोआप केलं."

"म्हणजे?" घड्याळवाल्याने विचारलं.

"तुम्ही स्क्रू काढला की झाकणात मांडता. तुम्ही नेला असता तर नट कुठेतरी ओळीत सापडले असते. सुतार स्क्रू तोंडात धरतो, मग खिशात टाकतो. नट त्याच्याबरोबर घरी गेले असते. शेठ, पाना कोणत्या बाजूने धरायचा ते तरी तुम्हाला माहीत आहे का?"

वरच्या बाजारातूनच कोणीतरी हसलं.

"मावशींनी उतरवला म्हणावं, तर हे गुडघे घेऊन एवढं धूड जिन्यावरून खाली कसं आलं? उरला तो माणूस, जो काढलेला बोल्ट हरवू नये म्हणून जागच्या जागी परत लावतो. गाडी दुरुस्त करणारा. मी आज दुपारी तसे बोल्ट पाहिले. शिवाय चोरी झालेल्या संघटनेचा अध्यक्ष असून ज्याला तक्रार नको होती, तोही हाच माणूस." बाई अण्णांकडे वळल्या. पुढचं बोलायला त्यांना जड जात होतं. "अण्णा, बाकीचं मी सांगू, की तुम्ही सांगता?"

अण्णा उठले.

"माझ्या मागच्या खोलीत आहे," ते म्हणाले. "गोणपाटाखाली."

मग ते सगळ्यांकडे वळले.

"घरी काय झालंय ते बऱ्याच जणांना माहीत आहे. तिला वार कळत नाही, वेळ कळत नाही. भोंगा कळतो. भोंगा झाला की मी येतो, एवढं एकच तिच्या डोक्यात पक्कं राहिलंय. मध्ये तो दुरुस्तीला काढला होता, तर ती मला शोधत हमरस्त्यावर गेली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली." त्यांनी घसा खाकरला. "काचेच्या कपाटात गेल्यावर तो वाजणार कुठून? दार बंद करून आत हळू फिरवला तर आमच्या घरापुरता आवाज आला असता. आजच फिरवणार होतो. पण सकाळी कार्यालयात हा गोंधळ, दुपारी गॅरेजमध्ये पोलीस. धीर झाला नाही."

"मग कलमावर सही कशाला केलीत?" शेठ म्हणाले. "एकदा बोलायचं होतं."

"दोन वर्षं मीच सगळ्यांना बजावत आलो, घरचं काही सभेत आणू नका म्हणून. मग कोणत्या तोंडाने आणू?"

शेठ खाली बसले. "आम्हाला तो भोंगा नकोच होता हो. तुमच्या बाजाराचा मान राहावा म्हणून कलम घातलं. वर कपाटाचा खर्च."

"आणि आम्ही तुमचा मान राहावा म्हणून हो म्हटलं," घड्याळवाला म्हणाला.

कोणीतरी सुस्कारा सोडला. भोंगा परत गच्चीवर बसवावा, मावशींनी आहेत तिथेच राहावं, असं एका दमात ठरलं. दोन वर्षांत इतकं चटकन काही ठरलं नव्हतं. अण्णांनी अध्यक्षपदासाठीचं नाव मागे घेतलं. कोणी आग्रह केला नाही, आणि कोणी दोषही दिला नाही. तक्रार कोणाची लिहू, असं बाईंनी विचारलं, तेव्हा सगळे मावशींकडे बघायला लागले.

मावशी सावकाश उठल्या आणि अण्णांसमोर गेल्या.

"वहिनींचं मला माहीत नव्हतं का?" त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतंत तर मीच गच्ची उघडून दिली असती. पाना धरायलासुद्धा आले असते."

"हो."

"सकाळी माझी पेटी उपसत होते. तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

"कुठे बघत होतात?"

"खिडकीबाहेर," अण्णा म्हणाले.

"मला तक्रार लिहायची नाही," मावशी बाईंना म्हणाल्या. मग अण्णांकडे वळल्या. "चला खाली. पेटी होती तशी भरून द्या."

मतदान सुरू झालं. फौजदारबाई खाली आल्या तेव्हा अण्णा मावशींच्या दारात जमिनीवर बसले होते. मावशी पायरीवर. अण्णांनी शाल घडी करायला घेतली, ती वाकडी झाली, पुन्हा उलगडली. वर मोजणी संपून टाळ्या वाजल्या. दोघांपैकी कोणी मान वर केली नाही.

अण्णांनी जमिनीवरचा फोटो उचलला, सदऱ्याच्या बाहीने पुसला.

"हा कुठे ठेवू?"

"सगळ्यात खाली," मावशी म्हणाल्या. "काढा सगळं, पुन्हा लावा."

अण्णांनी भरलेले कपडे एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली.