अंगठ्याने नाडी मोजू नये

"तोंड उघडा," मी म्हटलं, आणि त्याने डोळे मिटलेलेच ठेवून उघडलं. अर्धवट झोपेतला माणूस सांगाल ते ऐकतो. जागेपणीचं विचारू नका.

मी त्याच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला. तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. चांगले मोठे, आणि त्या क्षणी बरेच घाबरलेले.

"बोलायचं नाही. ओठ मिटा. चावायचं तर अजिबात नाही."

त्याने काहीतरी सांगायला हात वर केला. मला वाटलं, नाडीसाठीच पुढे करतोय. किती समजूतदार पेशंट! मी मनगट पकडलं, तीन बोटं ठेवली, अंगठा लांब.

"उं… उं…"

"दुखतंय का?"

मान आडवी.

"मळमळतंय?"

"उंऽऽ!"

"घाबरू नका हो. पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात."

वॉर्डातला तो माझा पहिला दिवस होता, त्यामुळे हे मी नेमकं कुणाला सांगत होते ते उघडच आहे.

तेवढ्यात शेजारची खिडकी धाडकन उघडली. म्हणजे खिडकीबाई आल्या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शुश्रूषेची मूलतत्त्वं शिकवणाऱ्या या बाई जिथे जातील तिथे आधी खिडकी उघडत, मग तोंड. नर्सिंगच्या इतिहासाच्या पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं, "युद्धातल्या त्या इस्पितळात दिवा घेऊन फिरणारी बाई सगळ्यांना आठवते. तिने मोकळ्या हवेचा आणि स्वच्छतेचा हट्ट धरला, तो कुणाला आठवत नाही. दिव्याचं चित्र छान दिसतं ना! गटाराचं कोण काढणार?"

"काय गं, कसा आहे पेशंट?" बाईंनी विचारलं.

"बरा आहे, बाई."

"बरा?" बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "एक तर बरा म्हणजे काय, ते मला आजवर कळलेलं नाही. आणि दुसरं, ही खाट साठी उलटलेल्या एका बाईंची आहे. मांडीचं हाड मोडलंय त्यांचं. त्यांना मिशी कधी फुटली?"

माझे कान गरम झाले. नाव विचारून ओळख पटवायची, मगच हात लावायचा. पहिला धडा, पहिली ओळ. ती सोडून मला सगळा धडा पाठ होता.

त्याने थर्मामीटर अदबीने काढून माझ्या हातात दिला. "नमस्कार. आत्याला एक्स-रेला नेलंय. मी भाचा. बसवर कंडक्टर आहे… पहाटेपासून उभा होतो, म्हणून जरा पाठ टेकली. मी सांगणारच होतो, पण सिस्टर म्हणाल्या बोलायचं नाही."

"ताप?" बाईंनी मला विचारलं.

"नाही, बाई. नाडी मात्र… जलद आहे."

"असणारच," बाई म्हणाल्या आणि दुसरी खिडकी उघडायला गेल्या.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात 'बरं' या शब्दावर बंदी आली. "माणूस मरायला टेकला तरी 'बरं आहे' म्हणतो, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. भांडण झालं की दात-ओठ खाऊनही 'बरं!' म्हणतो. निरोप घेताना म्हणतो, गप्पा मारताना म्हणतो. एवढ्या ठिकाणी चालणारा शब्द आपल्या काय कामाचा? काय दिसलं ते सांगायचं. रंग, श्वास, भूक, झोप. कळलं?"

"बरं, बाई," मी म्हटलं. वर्ग हसून लोळला.

शिक्षा म्हणून की बक्षीस म्हणून कोण जाणे, पण बाईंनी तीच खाट मला दिली. परीक्षेसाठी माझी केस म्हणजे आत्या. बाहेरचे परीक्षक यायचे होते, आणि त्यांच्यासमोर आत्यांनी वॉकर धरून खिडकीपर्यंत जाऊन यायचं होतं. नाही जमलं, तर मी नापास. आणि नापास झाले, तर घरी. दादाने मला पाठवतानाच सांगितलं होतं, "एक संधी. नाहीतर मुकाट्याने येऊन दुकानात बसायचं." दादाचं दुकान खिळे आणि बिजागऱ्यांचं. तिथे कुणी कुणाला 'कसं वाटतंय' विचारत नाही.

आत्या म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ठसठशीत बाई. एकटीच राहायची. भाच्याचे आई-वडील तो शाळेत असतानाच गेले. आत्याने त्याला वाढवलं, त्याच्या नोकरीनंतर "आता स्वतःचं बघ" म्हणून वेगळी खोलीही घ्यायला लावली. आयुष्यभर लोकांच्या तारा जुळवल्याची सवय होती त्यांना. हे मला आधी कळायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, चालवा. मी वॉकर आणला. आत्यांनी पाय खाली सोडले आणि कपाळाला हात लावला. "आई गं… आज नको बाई. चक्कर येते."

दुसऱ्या दिवशी गुडघा. तिसऱ्या दिवशी "अंगात त्राणच नाही गं". मी रक्तदाब बघितला, नाडी बघितली, पापण्या खाली ओढून बघितल्या. सगळं जिथल्या तिथे.

संध्याकाळी कंडक्टर यायचा. खांद्याला चामड्याची बॅग, बोटांवर तिकिटांची शाई, आणि आवाज असा की वॉर्डातले सगळे पेशंट दारापासूनच सावरून बसायचे.

"पुढे चला, पुढे चला! दारात गर्दी करू नका!"

"हळू बोला. हा दवाखाना आहे."

"सॉरी सिस्टर. थर्मामीटर देता का? तेवढाच उपाय आहे माझ्यावर."

मी आत्यांची चादर ताणत, कोपरे दुमडत राहायची. मागे न बघताही कळायचं, की तो बघतोय. कोपरा एरवी एका दमात बसायचा. तो आला की दोनदा करावा लागायचा…

कधी मी आत्यांच्या पायांना व्यायाम देता देता परीक्षेचं पाठ करायची. "आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा किंवा अशक्तपणाचा अभाव नव्हे, तर संपूर्ण शारीरिक, मानसिक आणि… आणि…"

"आणि?" तो विचारायचा.

"थांबा ना. शारीरिक, मानसिक आणि…"

"सुटला वाटतं स्टॉप."

"सामाजिक! सामाजिक सुस्थिती. तुम्ही मध्ये बोललात म्हणून."

"सामाजिक म्हणजे काय हो?"

"म्हणजे… चार माणसांत असणं. कुणीतरी आपलं असणं. येणं-जाणं."

"हां. येणं-जाणं." तो आत्यांच्या खाटेवरची, सिस्टरला बोलवायची घंटी उगाच हातात फिरवत म्हणाला. "मग माझं आरोग्य सध्या उत्तम आहे. येतो काय, जातो काय."

एवढंच. एवढं बोलायचा आणि पुढे घसा साफ करायचा. दिवसभर पुढे चला म्हणून ओरडणारा माणूस स्वतः एक पाऊल पुढे येईल तर शपथ!

परीक्षा दोन दिवसांवर आली. दुपारी मी आत्यांसाठी पाणी घेऊन पडद्याआड गेले, आणि तांब्या हातातून निसटता निसटता राहिला. खाट रिकामी. आत्या खिडकीत उभ्या. वॉकर कोपऱ्यात. एका हाताने गज धरून खालच्या रस्त्यावरच्या बस बघत होत्या, निवांत.

"आत्या!"

"हळू! केवढ्याने ओरडतेस. त्याचंच वळण लागलं तुला."

"तुम्ही… तुम्हाला चालता येतंय?"

"येतंय गं, आठवडा झाला." त्या सावकाश येऊन खाटेवर बसल्या. "पण मी चालले की डॉक्टर म्हणणार, घरी जा. मग हा गधडा तुला कुठे भेटणार? तोंडात थर्मामीटर नसला तरी याला बोलता येत नाही. मी म्हटलं, हाड जुळायला दीड महिना लागला, हे जुळायला आणखी थोडं लागेल. पडून राहू."

मला हसू आलं, रडू आलं, आणि या दोन्हींपेक्षा जास्त राग आला.

"आत्या, अशा पडून राहिलात तर पाठीला जखमा होतील. पायात रक्ताच्या गुठळ्या होतील. तुमच्या हाडांच्या जिवावर मला कुणी आपलं जोडून नकोय. तो बोलला नाही तर… नाही बोलला. तुम्ही चालायचं."

"आणि तुझी परीक्षा?"

"माझ्या परीक्षेसाठीही नाही. तुमच्यासाठी."

आत्या चादर ओढून म्हणाल्या, "शहाणी आहेस. बघू." आणि त्या 'बघू'चा अर्थ लावत मी दोन दिवस काढले.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक आल्या. पांढरे केस, शांत आवाज, हसू अजिबात नाही. शेजारी आमच्या खिडकीबाई. आणि पडद्यापाशी, बॅग पोटाशी धरून, पाळी बदलून आलेला कंडक्टर. त्याला आत्यांनीच निरोप धाडला होता, हे नंतर कळलं.

मी नाव विचारून ओळख पटवली. मोठ्याने. पडद्यापाशी कुणीतरी खोकलं. तापमान, नाडी, श्वास, पाठीची कातडी, सगळं सांगितलं. मग वॉकर पुढे ठेवला.

"चला, आत्या."

"नाही जमायचं," आत्या छताकडे बघत म्हणाल्या. "बरं वाटत नाही."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "शरीर ठीक आहे म्हणता. मग रुग्ण चालत का नाही?"

खिळे आणि बिजागऱ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. दुखतंय म्हणावं? खोटं. हट्टी आहेत म्हणावं? तेही पूर्ण खरं नाही. आणि खरं सांगावं, तर तो तिथे… तीन पावलांवर…

"कारण शारीरिक नाही, मॅडम," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून ऐकू आला. "मानसिकही नाही. सामाजिक आहे."

"म्हणजे?"

"आत्यांना वाटतं, त्या घरी गेल्या की… त्यांच्या भाच्याला इथे यायला कारण उरणार नाही."

"यायला? कुणाकडे?"

मी चादरीचा कोपरा बघत होते. तोही नीट बसला नव्हता.

"माझ्याकडे, मॅडम."

खिडकीबाईंना अचानक फार उकडलं असावं; त्या खिडकीकडे वळल्या. ती उघडीच होती.

"निदान झालं," परीक्षक म्हणाल्या. "उपाय?"

पुस्तकात उपाय नव्हताच. मी तोंड उघडलं, आणि…

टिंग टिंग.

कंडक्टर खाटेपाशी आला होता. घंटी त्याच्या हातात होती. बसमध्ये एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे सुटा; एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं.

"आत्या, पुढे चला," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. "बाकीचं मी बघतो. कारण नसलं तरी येईन मी. विचारून येईन."

आत्यांनी चादर अशी भिरकावली, की ती परीक्षकांच्या खांद्यावर पडायची राहिली. वॉकर धरला, उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, बाहेर एक नजर टाकली, ऐटीत वळल्या आणि परत आल्या. बसता बसता म्हणाल्या, "एवढं एक वाक्य बोलायला माझं हाड मोडावं लागलं!"

"निष्पत्ती?" परीक्षकांनी विचारलं.

खिडकीबाईंची भुवई वर गेली. मी तो शब्द गिळला. "रुग्ण आधाराने चालली. चेहऱ्यावर घाम नाही, श्वास सुरळीत, चक्कर नाही. बोलणं… भरपूर."

परीक्षकांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यालाच हसू म्हणत असतील, तर हसल्या.

मी पास झाले. दादाला कळवलं, त्याचं उत्तर आलं, "बरं." आता या बरंचा अर्थ मी घरी जाऊन तोंड बघूनच लावणार होते.

आत्या घरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडले, तर भिंतीला टेकून तो उभा. बॅग नाही, गणवेश नाही, आवाजही नाही.

"कारण नाहीये काही," तो म्हणाला. "विचारायला आलोय. येऊ का… रोज?"

"आत्या कशा आहेत?"

"मी येऊ का विचारलं तर आत्या कशा आहेत! आत्या घरभर फिरताहेत. तुम्हाला कसं वाटतंय?"

"बरं."

"बरं चालत नाही म्हणे तुमच्यात." त्याने हात पुढे केला. "नाडी बघू."

मी हात दिला. त्याने मनगट धरलं, अगदी गंभीरपणे, कपाळाला आठ्या घालून.

"जलद आहे," तो म्हणाला. "फार जलद."

"चुकतंय तुमचं. अंगठा ठेवलाय तुम्ही."

"मग?"

"अंगठ्याला स्वतःची नाडी असते. ती मोजताय तुम्ही. तुमचीच."

अंगठा न हलवता त्याने विचारलं, "आणि तुमची?"

"तीही…" मी म्हटलं, "तेवढीच."

वर कुठेतरी खिडकी धाडकन उघडली.

"अगं ए! नाडी मोजायला एक मिनिट पुरतं! रात्र काढायची आहे का तिथे?"

आम्ही दोघांनी वर पाहिलं. बाई गजांना कपाळ टेकून खाली बघत होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर.

"आणि कसा आहे तो?"

"बरा आहे, बाई!" मी ओरडले.

बाईंनी खिडकी लावून घेतली. मी त्यांना पहिल्यांदाच खिडकी लावताना पाहिलं.