पाहुणीला सगळं कळलं

चष्म्याच्या दुकानातून चष्मा द्यायला आलेल्या आपल्याला तिथे कोणी खुर्ची देईल, असं तिला वाटलंच नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली, टेबलावर जुने कॉम्प्युटर, खाली वायरींचं जंजाळ. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी दुरुस्त होऊन आलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, "वा," म्हणाले. ती वळणार तोच खिडकीजवळ बसलेला एक तरुण उठून पुढे आला. हातात पेन, केस विस्कटलेले.

"एक विचारू? तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कितपत कळतं?"

"दुकानात बिलं काढते. बाकी काही नाही."

"म्हणजे... अगदीच काही नाही?"

त्याचा चेहरा असा उजळला, की तिला रागवावं की हसावं हेच कळेना. अडाणीपणाचं एवढं कौतुक तिचं जन्मात कुणी केलं नव्हतं.

भानगड अशी होती. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम – फुकट, आणि ज्याला हवं त्याने आत डोकावून बदल करावेत इतकी मोकळी. जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवरही ती छान चालते. पण हे लोकांना सांगणार कोण? म्हणून ही मंडळी दर रविवारी जमून एक वेबसाईट उभी करत होती. खोलीतले सगळेच पडले जाणकार, त्यामुळे नवख्या माणसाचं घोडं कुठे अडतं ते एकालाही सांगता येईना.

"तुम्ही फक्त पान बघायचं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायचं," तो म्हणाला. "मी शेजारी बसेन, पण मला बोलायची परवानगी नाही. मी मदत केली की सगळं फुकट."

"आणि मनात भलतंच काही आलं तर?"

"तेही... चालेल," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

ती बसली. सिस्टीम कशी घडली याचा इतिहास सांगणारं पहिलं पान वाचून म्हणाली, "घरात पाऊल टाकायच्या आधीच विटा कुठून आणल्या ते कशाला सांगताय?" काका खो खो हसले. त्याने पेनाचं टोपण दातांत धरून हसू दाबलं आणि भराभर लिहून घेतलं. पुढच्या रविवारी ते सगळं पुराण गेलं होतं. 'तुमचा जुना कॉम्प्युटर अजून कामाचा आहे,' एवढीच ओळ होती. आपल्या बोलण्याने कुणी काही बदलावं, याची तिला सवय नव्हती. तिला फार बरं वाटलं.

मग ती दर रविवारी जाऊ लागली. सगळे तिला 'पाहुणी' म्हणत. तो बस कंपनीत वेळापत्रकं आखतो, चहा पार गार झाल्यावरच पितो, हे तिला हळूहळू कळलं. त्याचं ते शेजारी गप्प बसणंही तिला आवडायला लागलं. ती मावशीकडे राहायची. मावशी विचारायची, "रविवारी केस धुऊन कुठे निघतेस गं?"

"वेबसाईटला."

"हल्ली वेबसाईटला केस दिसतात वाटतं," मावशी म्हणायची.

एकदा जिना चढताना वरून त्याचा आवाज आला. तो काकांना सांगत होता, "पाहुण्याला सगळं कळलं की त्याचा उपयोग संपला. मग नवा पाहुणा शोधायचा."

ती पायरीवरच थांबली. कारण त्याच आठवड्यात तिने मावशीचा धूळ खात पडलेला कॉम्प्युटर पुसून काढला होता, आणि याच वेबसाईटवरच्या सूचना वाचत वाचत, कुणालाही न विचारता, ती सिस्टीम त्यात बसवली होती. मावशी आता त्यावर पत्ते खेळत होती. ही बातमी त्याला कधी सांगते असं तिला झालं होतं... ती तिने जिन्यातच गिळून टाकली.

त्या दिवशी ताटाएवढं बटण समोर असताना ती म्हणाली, "डाउनलोड कुठून करायचं? मला तर काही दिसत नाही."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून लिहून घेतलं.

खोटं एकदा जमलं की अंगवळणी पडतं. पुढच्या रविवारी तिला सूचना कळेनाशा झाल्या, त्याच्या पुढच्या रविवारी चित्रं. आणि तो वेडा प्रत्येक वेळी पान मोडून नव्याने मांडत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली.

"चांगल्या पानाचा पार विचका झालाय," काकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. "पुढच्या रविवारी इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका येणार आहेत. पान वाचून त्यांचं त्यांना जमलं, तर शाळेतल्या सगळ्या जुन्या कॉम्प्युटरवर आपली सिस्टीम. नाही जमलं तर कॉम्प्युटर भंगारात. आणि हा पोरगा आता बटण आणखी मोठं करतोय."

आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सांगावं तर तो दुरावणार, न सांगावं तर त्याची सगळी मेहनत पाण्यात. रस्त्यातून त्याच्या कंपनीची बस गेली तरी ती मान वळवायची. शुक्रवारी दुकानात एक नवरी मुलगी आली. लग्नात चष्मा नको म्हणून डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून आलेली. "खोटं सांगितलंत तर नंबर चुकेल, आणि डोकं तुमचंच दुखेल," ती त्या मुलीला सवयीने म्हणाली, आणि भिंग हातात धरून तशीच उभी राहिली.

शनिवारी दुपारी ती बस कंपनीच्या ऑफिसात गेली. भिंतभर वेळापत्रकं, मधोमध तो.

"मला बटण दिसत होतं," ती दारातूनच म्हणाली. बसून बोलायचा धीर नव्हता. "सगळंच दिसत होतं. कळतही होतं. मावशीच्या कॉम्प्युटरवर मी केव्हाच सिस्टीम टाकलीय."

"तुम्ही? एकटीने?"

"तुमचं पान वाचून. मोडायच्या आधीचं."

क्षणभर त्याचा चेहरा खुलला, मग तेवढ्याच वेगाने मिटला. "मग मला सांगितलं का नाही?"

"सगळं कळलं की तुम्ही नवा पाहुणा शोधता ना... म्हणून."

त्याने पेनाचं टोपण दातांत धरलं. इथे बोलायला त्याला कोणाची बंदी नव्हती, तरीही. शेवटी म्हणाला, "जुनं पान जपून ठेवलेलं असतं. ते परत लावतो," आणि स्क्रीनकडे वळला. ती घरी कशी पोचली हे तिचं तिलाच कळलं नाही.

रविवारी जाऊ नये असं दहादा ठरवून ती गेलीच, आणि दाराशी उभी राहिली. मुख्याध्यापिका पानासमोर बसल्या होत्या, शेजारी तो, तोंड मिटून. बाईंनी एकेक ओळ बोटाने वाचली. बटण दाबलं. मग एका जागी त्या थबकल्या... त्याने मागे वळून पाहिलं, थेट तिच्याकडे, आणि ती एवढी घाबरली होती की तिला नजर काढून घेता आली नाही. बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली, मान डोलावली आणि पुढे गेल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं, अवघड असेल."

खोलीत एकच गलका झाला. काकांनी बाईंशी दोनदा हस्तांदोलन केलं. ती गुपचूप जिना उतरू लागली. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

"थांबा," मागून तो धावत आला. "बाई दर रविवारी येणार म्हणतात. नवा पाहुणा मिळाला."

"बरं झालं." ती पावसाकडे बघत म्हणाली. "म्हणजे माझं काम संपलं."

"संपलं." तो दोन पायऱ्या वर थांबला. "मी चिडलोय तुमच्यावर. अजूनही थोडा. पण एक गोष्ट मीही सांगितली नाही. बटण दिसत नाही म्हणालात ना, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला... अजून एक रविवार मिळाला."

"पान मोडावं लागत होतं तरी?"

"तरी." तो एक पायरी खाली आला. "मला वाटायचं, तुम्ही फक्त मदत म्हणून येता. आता मदत नकोय. तर... काहीच काम नसताना याल? मला भेटायला?"

तिला इतका आनंद झाला की तिने जिन्याचा कठडा घट्ट धरला. हाही इतके दिवस आपल्यासारखाच घाबरून बसला होता तर.

"पुढच्या रविवारपर्यंत थांबणार आहेस?" ती म्हणाली. "उद्या सोमवार आहे. आमचं दुकान सहाला बंद होतं."