सगळी पोरं गेल्यावरची प्रॅक्टिस

खोटं वाटलं तर वाटू दे. मी कोणाला पटवायला बसलेले नाही. लीला माझी सख्खी मावशी आहे आणि हे तिच्या घरात घडलंय. घडतंय, म्हटलं तरी चालेल.

गाव गिरीज, वसई. दिवस मागच्या दिवाळीनंतरचे. आणि वेळ मध्यरात्रीची वगैरे नाही...

दिवेलागणीची.

मावशीचे यजमान दिनानाथकाका. नोकरी अंधेरीला, घरची केळीची वाडी, आणि उरलेला सगळा जीव हॉकीत. कामावरून आले की चहा उभ्या उभ्या प्यायचा आणि मैदानाकडे पळायचं. गावातल्या पोरांना फुकट शिकवायचे. कुणाच्या बुटाचा तळ सुटलाय, कुणाच्या घरी भांडण झालंय, त्यांना सगळं ठाऊक. मावशी म्हणायची, "सवत आणली असती तरी परवडली असती, निदान ती घरात तरी राहिली असती." पण माणूस घराला तेवढाच धरून होता. परतताना तिच्यासाठी काहीतरी आणायचेच, गरम भजी नाही तर गजरा.

एकुलती एक मुलगी दिशा. आठवीत. गोलकीपर.

सगळी पोरं गेली की काका तिला गोलमध्ये उभं करायचे आणि बॉलमागून बॉल मारायचे. पार दिसेनासं होईपर्यंत.

अशाच एका संध्याकाळी मारता मारता ते खाली बसले. पुन्हा उठलेच नाहीत.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे होते. एकही खाली येईना.

काकांचे धाकटे भाऊ प्रितेश पुढे झाले. "दादा, वाडी मी बघेन."

काही नाही.

"वहिनीला काही कमी पडू देणार नाही."

तरी नाही.

ऊन चढलं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मावशीला ते बघवेना. नवरा अडकून राहिलाय, हाच विचार तिच्या डोक्यात. ती हात जोडून म्हणाली, "दिशाचा खेळ सुटणार नाही. रोज मैदानावर पाठवीन तिला. शब्द देते."

फांदीवरचा एक कावळा...

सरळ खाली आला.

सगळ्यांना हायसं वाटलं. मावशी तर समाधानानं रडली. आपण काय बोलून बसलो, हे तिच्या ध्यानात यायला पुढे बरेच दिवस लागले.

तेरावं झाल्यावर काकांचे मित्र ॲन्सेल्म प्रॅक्टिस घेऊ लागले. दिशा जायची. बाकीची पोरं उजेडातच घरी परतायची. दिशा मात्र काळोख पडल्यावर यायची, घामानं निथळत. दंडावर, खांद्यावर काळेनिळे डाग.

"एवढ्या जोरात कोण मारतं गं?"

"प्रॅक्टिस असते आई." एवढंच.

मावशीनं ॲन्सेल्मना फोन लावला.

"वहिनी, मी सगळ्यांना एकदमच सोडतो. ती अर्ध्या रस्त्यातून परत जाते म्हणे. पण बॉलची पिशवी तर मी घरी घेऊन येतो. मैदानावर एकपण बॉल राहत नाही."

दुसऱ्या संध्याकाळी मावशी स्वतः गेली.

मैदान रिकामं. माडांमागे आभाळात थोडासा उजेड. गोलमध्ये दिशा, पॅड बांधून, वाकून उभी.

समोर कोणी नाही.

आणि मग...

ठक्.

बॉल गोलच्या मागच्या फळीवर आदळला. कुठून आला, ते मावशीला दिसलंच नाही.

"सॉरी पप्पा," दिशा हळूच म्हणाली. पुन्हा वाकून उभी राहिली.

मावशीला हाक मारायची होती. पण ती तिथेच गवतात बसली आणि पोरीला बॉल लागताना बघत राहिली.

घरी आल्यावर तिनं स्टिक लपवली, पॅड लपवले, दिशाला घरात कोंडलं. दिशा रडली नाही, भांडली नाही. संध्याकाळ झाली तशी दारापाशी येऊन उभी राहिली. अंग तापलेलं. "आई, पप्पा थांबलेत," एवढंच म्हणत राहिली. जेवेना, झोपेना. चौथ्या दिवशी मावशीनंच कडी काढली.

कोणी सुचवलं, एक जाणता आहे, बंदोबस्त करतो. मावशीनं त्याला उंबऱ्यापर्यंतही येऊ दिलं नाही. मला म्हणाली, "राधिका, कोणाला हाकलू गं? आयुष्यभर ज्यांची वाट बघत बसले, त्यांना?"

शेवटी एक दिवस तिनं दिशाला प्रितेशकडे सोपवलं आणि एकटी मैदानावर गेली. गोलमध्ये, जिथे पोरगी उभी राहायची तिथेच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. "पोरगी थकलीय हो. नका बोलवू तिला इथे. शब्द मी दिला होता, मीच मागे घेते. पाया पडते तुमच्या."

वारासुद्धा पडला होता.

समोरच्या काळोखातून... एक बॉल घरंगळत आला. अगदी हळू. तिच्या पावलांपाशी येऊन थांबला.

मावशीला वाटलं, ऐकलं त्यांनी. मनानं हळवाच होता माणूस. ती पोटभर रडली. किती दिवसांनी मोकळ्या पावलांनी घराकडे निघाली.

फाटकापाशी प्रितेश उभे होते. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, मी धरून ठेवली होती. हात सोडवून गेली."

"कुठे?"

त्यांनी वाडीकडे बोट दाखवलं.

केळीच्या मागून, पंपाच्या खोलीच्या भिंतीवर...

ठक्.

ठक्.

दिशा भिंतीला पाठ लावून उभी होती. आईला बघून कितीतरी दिवसांनी हसली.

"आई, आता मैदानावर जायला नको. पप्पा म्हणाले, मीच घरी येत जाईन."

गेल्या महिन्यात मी गिरीजला गेले होते. मावशीला म्हटलं, दोघी माझ्याकडे विरारला चला. कायमच्या. मावशी वाटीत तेल कोमट करत होती, दिशाच्या खांद्यांना लावायला.

"बाप आहे तो," ती म्हणाली. "पोरीला कुठेही नेलं तरी येईलच ना गं?"

बाहेर दिवेलागण होत होती. मावशीनं गॅस बंद केला, वाटी पदरात धरली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली.

वाडीत आवाज सुरू झाला होता.