शनिवारच्या सिनेमाखालची अक्षरं

सांगलीच्या एका छोट्या कलासंग्रहालयाच्या फाटकाशी, स्टुलावर उभी राहून ओवी जानेवारीचे कार्यक्रम फळ्यावर लिहीत होती. दर शनिवारी चित्रपट, दुसऱ्या बुधवारी व्याख्यान आणि महिनाअखेरीला म्हसवडकडच्या धनगर मंडळींचं ढोलावरचं गजीनृत्य. लिहिता लिहिता खडू निसटला आणि मागं उभ्या असलेल्या एका तरुणाच्या बुटाशी जाऊन पडला.

"जरा देता का तो?"

तरुण फळा वाचत राहिला.

"अहो, खडू..."

तरीही काही नाही. ओवी खाली उतरली, खडू स्वतःच उचलला आणि जरा फणकाऱ्यानं म्हणाली, "वाचून झालं असेल तर बाजूला व्हाल का?"

तो दचकून वळला. उंच, बारीक कापलेले केस, उजव्या कानात ऐकायचं यंत्र. "माफ करा. तुमी माझ्या डाव्या कानाशी बोलत होता. तो रजेवर हाय."

हसावं की शरमावं, ओवीला कळेना.

"मीबी रजेवरच हाय," तो म्हणाला. "साईराज. पलूसचा. फौजेत हाय. सरावात कानाशेजारी दारूगोळा फुटला, तवापासनं असं." मग त्यानं फळ्याकडं बोट केलं. "मॅडम, यातल्या कुठल्या शिनेमाला खाली अक्षरं असत्यात?"

दोन वर्षं ती हा फळा लिहीत होती. हे कुणी विचारलंच नव्हतं. ती आत जाऊन बघून आली. चारांपैकी दोन. त्या दोन नावांपुढं तिनं खडूनं एकेक बारीक डोळा काढला.

"हा डोळा तुमचा का?"

"संग्रहालयाचा."

"मग यायलाच पायजे. कुणीतरी डोळा ठेवलाय म्हणल्यावर..."

आणि तो आला. पहिल्या शनिवारी आला, दुसऱ्या शनिवारीही आला. पलूसच्या एसटीतून उतरून, अंगाला उसाच्या फडाचा गोडसर वास घेऊन. तिसरा चित्रपट जुना मराठी होता. त्याच्यापुढं डोळा नव्हता. तरी स्वारी दुसऱ्या रांगेत हजर. मध्यंतरात पायऱ्यांवर चहा घेताना ओवीनं विचारलं, "काय कळलं?"

"हिरो रुसलाय. का रुसलाय ते तुमी सांगा."

"मी का सांगू?"

"तुमी सांगताना ओठ नीट हलवता. म्हणून."

ओवीनं चहाच्या पेल्यात बघितलं. चहा काही एवढा गरम नव्हता, पण गाल तापले खरे.

तिनं हिरोचा रुसवा सांगितला. त्यानं आपली गोष्ट सांगितली. घरी आई मुली दाखवत होती. एका घरी मुलीनं काहीतरी विचारलं, याला ऐकूच आलं नाही, यानं अदबीनं "व्हय" म्हटलं. "बाहेर आल्यावर भाऊ म्हणला, अरं, तिनं विचारलं हुतं, तुमाला राग लय येतो का."

ओवी इतकी हसली की चहा ओढणीवर सांडला. तोही हसला, मग पेला खाली ठेवत म्हणाला, "पुढच्या म्हैन्यात पुण्याला मेडिकल बोर्ड हाय. ठेवतील का घरी धाडतील, काय ठावं."

पुढचे चार दिवस काम आटोपलं की ओवी शेवटच्या शनिवारचा चित्रपट लावून बसायची. थांबवत, मागं नेत, एकेक वाक्य टाइप करायची. तो सिनेमाही मराठीच होता. प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या हरिबांनी ती अक्षरं पडद्याच्या तळाशी बसवून दिली. म्हणाले, "पोरी, एका माणसासाठी एवढा खटाटोप?" तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

शनिवारी अक्षरं उमटली तेव्हा साईराज पडद्याकडं न बघता आधी तिच्याकडं बघत राहिला. पण नवल पुढंच होतं. खेळ संपल्यावर टोपीवाले एक आजोबा काठी टेकत ओवीपाशी आले. "बाई, आज बऱ्याच वर्सांनी समदा शिनेमा कळला. ऐकू येत न्हाई म्हणायची लाज वाटायची." त्यांच्यामागं आणखी तिघं उभे होते. संग्रहालयाच्या प्रमुख गोदावरीताई हे बघत होत्या. यापुढं प्रत्येक चित्रपटाला अक्षरं असतील, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

गजीनृत्याच्या संध्याकाळी साईराजनं यंत्र खिशात ठेवलं आणि तो चप्पल काढून उभा राहिला. ढोलाचा दणका फरशीतून तळपायात येतोय, म्हणाला. ओवीनंही चप्पल काढली. दोघं शेजारी उभी होती, बोटं बोटांना लागली, आणि कुणीच हात मागं घेतला नाही.

बाहेर येऊन यंत्र कानात घातल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. "उद्या पुण्याला निघतो. परत यायचं न्हाई म्हणतोय."

"का?"

"कुणी जन्मभर माझ्यासाठी लिहीत बसावं का? उरलेला कानबी जाईल, डॉक्टर म्हणत्यात."

"मी तक्रार केली?"

"न्हाई. म्हणूनच..."

तो गेला. तीन दिवस ओवी धुमसत राहिली. चौथ्या दिवशी फेब्रुवारीचा फळा लिहायला घेतला. व्याख्यानाची जागा रिकामी होती. तिनं गोदावरीताईंना विचारलं, त्याला मात्र विचारलं नाही. सरळ लिहिलं: 'कमी ऐकू येतं तेव्हा – साईराज, पलूस.' फळ्याचा फोटो काढून त्याला धाडला.

उत्तर आलं नाही. बुधवार आला. हॉलमध्ये पन्नासेक माणसं, त्यातली निम्मी कानामागं तळवा धरून बसलेली. पाच वाजले तरी व्यासपीठ मोकळंच. गोदावरीताईंनी दोनदा घड्याळ बघितलं. मग दारात तो दिसला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक, थेट पुण्याहून.

"आधी बातमी सांगतो," माइकसमोर उभा राहून तो म्हणाला. "बंदूक काढून घेतली, पण नोकरी ऱ्हायली. पुण्यातच भांडारात काम दिलंय." मग वीस मिनिटं तो बोलला. स्फोटानंतरच्या शांततेबद्दल, घरात सगळे हसताना उगाच हसण्याबद्दल, आणि शनिवारबद्दल. टोपीवाल्या आजोबांनी दोनदा डोळे पुसले.

प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायचे ठरले होते. ओवीनं त्या गोळा करून त्याच्यापुढं ठेवल्या. तो एकेक मोठ्यानं वाचत उत्तरं देत गेला. शेवटची चिठ्ठी उघडली आणि थांबला. तिच्यात लिहिलं होतं: 'माझे बाबा वाईला घाटावर पूजा सांगतात. फौजेतला, कमी ऐकणारा आणि जातीबाहेरचा जावई त्यांना पटवायला वेळ लागेल. भांडायला मी तयार आहे. तुम्ही कधी येता?'

ही चिठ्ठी त्यानं वाचून दाखवली नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. माइकजवळ वाकला आणि स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "येत्या रविवारी."

"प्रश्न काय हुता?" मागून आजोबांनी विचारलं.

"वाईचा हुता, आजोबा," साईराज म्हणाला. "लय अवघड हाय. पण आमी दोघं मिळून सोडवतो."